स्वातीचे उतारवय

मे महिना सरत आलेला असतो, मान्सून केरळात पोहोचल्याच्या बातम्या कानावर येत असतात, पण आपल्याकडचे आकाश अजून कोरडे आणि मोकळे असते. त्या दिवसांत रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास महाराष्ट्राच्या मधल्या पट्ट्यात एक नारिंगी तारा माथ्यावर येतो. माथ्यावर म्हणजे खरोखरच माथ्यावर, हे नुसते बोलायचे नाही. आकाशाच्या विषुववृत्तापासून या ताऱ्याचे उत्तरेकडचे अंतर सध्या १९ अंशांच्या किंचित वर आहे, आणि मुंबई, अहिल्यानगर, बीड, नांदेड ही गावे पृथ्वीच्या पाठीवर जवळजवळ त्याच अक्षांशाला लागून ओळीने बसलेली आहेत. त्यामुळे यांपैकी कोणत्याही गावात, त्या वेळी, जो कोणी गच्चीवर उताणा पडेल त्याला मान इकडेतिकडे न वळवता हा तारा सरळ नजरेच्या रेषेत सापडतो. ज्यांना खूण हवी असेल त्यांनी सप्तर्षींची शेपटी धरावी. अंगिरस, वसिष्ठ आणि मरीची या तीन ताऱ्यांची कमान त्याच वळणाने पुढे नेली की ती पहिल्यांदा ज्या ठळक ताऱ्याशी पोहोचते तो स्वाती, आणि आणखी पुढे दक्षिणेकडे नेली की निळसर पांढरी चित्रा.

स्वाती भूतप या तारकासमूहात आहे आणि पाश्चात्त्य ज्योतिर्विद तिला आर्क्टुरस म्हणतात. रात्रीच्या आकाशात तेजाच्या क्रमाने व्याध, अगस्त्य आणि मित्र यांच्यानंतर तिचा नंबर लागतो, आणि हे तिन्ही दक्षिण खगोलार्धातले असल्यामुळे उत्तरेच्या अर्ध्या आकाशात तिच्याहून तेजस्वी तारा नाही. अभिजित तिच्या फार जवळ येतो, पण थोडक्यात मागे राहतो.

आमच्याकडे उन्हाळ्यात माळवदावर अंथरूण टाकून झोपण्याची पद्धत होती. त्यामुळे स्वाती मला नक्षत्रांच्या नकाशावर भेटण्यापूर्वी कितीतरी आधीपासून ओळखीची होती, फक्त तिचे नाव ठाऊक नव्हते. नाव मात्र घरात रोज असायचे, ते वेगळ्याच कारणाने. आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, सगळी हयात शेतीत घालवलेले. त्यांना स्वाती माहीत आहे ती पंचांगातली, सूर्य ज्या नक्षत्रात शिरला की पाऊस पडतो किंवा पडत नाही अशी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हे नक्षत्र चालते, रब्बीची ज्वारी आणि हरभरा तेव्हा नुकते जमिनीबाहेर डोकावत असतात, आणि परतीचा पाऊस जाता जाता एखादी सर टाकून गेला तर पिकाचे सोने होते. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती' ही म्हण त्या एका सरीसाठी आहे. शिंपल्यात मोती होणारा आणि चातकाची तहान भागवणारा कवींचा थेंब एकीकडे, पण आमच्या काळ्या रानात मोती म्हणजे ज्वारीचा दाणा. यात एक गंमत आहे. ज्या दिवसांना स्वातीचे नाव, त्या दिवसांत स्वातीचा तारा जवळजवळ दिसत नाही, कारण सूर्यच त्या दिशेला असतो आणि हा तारा सूर्यास्तानंतर तासाभराच्या आत मावळतो. शिवाय तो सूर्याच्या मार्गापासून उत्तरेला सुमारे ३० अंश दूर असल्यामुळे सूर्याची आणि त्याची प्रत्यक्ष गाठ कधीच पडत नाही.

एका उन्हाळ्यात मी तात्यांना माळवदावर तो तारा दाखवला आणि सांगितले की ज्या स्वातीची तुम्ही वाट पाहता तिचा तारा हा, आणि शास्त्रज्ञांच्या हिशेबाने तो आता आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात आहे. तात्या काही वेळ वर पाहत राहिले आणि म्हणाले, "मरायला टेकलंय म्हनतूस, मग येवढं लखलखतंय कसं?"

या प्रश्नात खगोलशास्त्राचा एक मोठा भाग सामावलेला आहे. आपल्याकडे दिवा विझायच्या आधी मोठा होतो असे म्हणतात, आणि पुष्कळदा ताऱ्यांच्या बाबतीतही तेच उदाहरण देऊन विषय संपवला जातो. ते मला पुरेसे वाटत नाही. विझता दिवा क्षणभर फडफडतो. स्वातीचे हे तेज कोट्यवधी वर्षे टिकणारे आहे, ते सतत वाढत जाणारे आहे, आणि त्याचे कारण ताऱ्याच्या अगदी पोटात आहे.

आधी ताऱ्याची मोजमापे पाहू. स्वाती आपल्यापासून सुमारे ३६.७ प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे ज्यांचे वय आज छत्तीस-सदतीसच्या आसपास आहे त्यांच्या जन्माच्या सुमाराला निघालेला प्रकाश आज त्यांच्या डोळ्यांत शिरतो. तिचा व्यास सूर्याच्या सुमारे २५ पट, म्हणजे साडेतीन कोटी किलोमीटर. तिच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४,००० अंश सेल्सिअस, सूर्याच्या साडेपाच हजारांहून बरेच कमी, आणि तिचा नारिंगी रंग त्यामुळेच. कमी तापमानामुळे तिच्या पृष्ठभागाचा प्रत्येक चौरस मीटर सूर्याच्या चौरस मीटरपेक्षा एक-तृतीयांशाहूनही कमी प्रकाश टाकतो, परंतु असे चौरस मीटर तिच्याकडे सहाशे पटींहून अधिक आहेत, आणि त्यामुळे एकूण हिशेबात ती सूर्याच्या पावणेदोनशे पटींच्या आसपास तेज ओतते. या सगळ्या मोठ्या आकड्यांच्या रांगेत एक आकडा मात्र अगदी लहान आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. स्वातीचे वस्तुमान सूर्यापेक्षा जेमतेम आठ टक्क्यांनी जास्त आहे. म्हणजे माल तेवढाच. स्वाती हा जन्मापासूनच कोणा वेगळ्या जातीचा तारा नाही. जवळजवळ आपल्या सूर्याइतक्याच द्रव्यातून तो घडला, सूर्यासारखाच अब्जावधी वर्षे शांतपणे तळपत राहिला, आणि सूर्य आज ४६० कोटी वर्षांचा असताना हा मात्र सुमारे ७०० कोटी वर्षांचा होऊन पुढच्या वळणावर जाऊन पोहोचला आहे.

शांतपणे तळपण्याच्या त्या काळात ताऱ्याच्या गाभ्यात एकच व्यवहार चाललेला असतो. दीड कोटी अंश तापमानाला हायड्रोजनची केंद्रके एकमेकांत मिसळून हेलियम तयार होतो, त्या संमीलनात मूळ वस्तुमानाचा सुमारे ०.७ टक्के भाग ऊर्जा होऊन बाहेर पडतो, आणि त्या ऊर्जेच्या जोरावर ताऱ्याचा डोलारा स्वतःच्याच वजनाखाली कोसळण्यापासून वाचतो. सूर्याएवढ्या ताऱ्याला हा व्यवहार सुमारे १,००० कोटी वर्षे पुरतो. मग गाभ्यातला हायड्रोजन संपतो. उरतो तो हेलियम, आणि हेलियम पेटायला सुमारे दहा कोटी अंशांची धग लागते, जी तेथे अजून नसते. ऊर्जा देणारे काही नाही आणि वरून वजन तेवढेच, अशा अवस्थेत गाभा आक्रसू लागतो, आणि वायू दाबला की तापतो या साध्या नियमाने तो आक्रसताना अधिकच तापतो. या तापलेल्या हेलियमच्या गोळ्याला लागून असलेल्या थरात मात्र हायड्रोजन शिल्लक असतो, आणि आता तो पेट घेतो.

बालाघाटाच्या माळावर उन्हाळ्यात वाळल्या कुसळीला वणवा लागतो तेव्हा मधला भाग जळून काळा होतो, तेथे विस्तव उरत नाही, पण त्या काळ्या जागेच्या कडेने आगीचे कडे बाहेर बाहेर सरकत राहते. स्वातीच्या पोटात अशीच गोष्ट चालली आहे. मध्ये हेलियमची राख आणि तिच्या भोवती जळत्या हायड्रोजनचे पातळ कवच. फरक एकच, आणि तोच तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. माळावरच्या राखेचा आगीशी पुढे काही संबंध राहत नाही. ताऱ्यातली राख आगीला चेतवते. कवचात तयार झालेला हेलियम खाली गाभ्यावर जमत जातो, गाभा जड होतो, जड झाला की आणखी आक्रसतो, आक्रसला की त्याच्या पृष्ठभागापाशी गुरुत्वाकर्षण आणखी प्रचंड होते, आणि त्या ओढीखाली टिकून राहण्यासाठी कवचाला आणखी तापावे लागते, आणखी जोरात जळावे लागते. जोरात जळले की राख आणखी वेगाने साठते. असे हे चक्र आहे. या अवस्थेतल्या ताऱ्याचे तेज किती, हे त्याच्याकडे इंधन किती उरले यावरून ठरत नाही. पोटात राख किती साठली यावरून ठरते. गाभ्याचे वस्तुमान थोडेसे वाढले तरी तेज कित्येक पटींनी वाढते. तरुणपणी गाभ्यात भरपूर इंधन असताना हा तारा सूर्याच्याच आसपास तेजाचा होता, आणि तेव्हा तो ३६.७ प्रकाशवर्षांवरून कोणाच्या नजरेत भरला नसता. सूर्य तेवढ्या अंतरावर नेऊन ठेवला तर तो नुसत्या डोळ्यांना गावाबाहेरच्या अंधारात कसाबसा दिसेल, शहरातून तर दिसणारच नाही.

वाढीव ऊर्जा बाहेर पडताना वरचे थर फुगतात आणि फुगताना थंड होतात, म्हणून तारा मोठा, नारिंगी आणि पुढे तांबडा होतो. हे वाक्य लिहायला सोपे आहे. गाभा आक्रसत असताना वरचा भाग नेमका फुगतोच का, याचे कारण मात्र एका ओळीत सांगणे ज्योतिर्विदांनाही जड जाते. समीकरणे सोडवली की ताऱ्याचे प्रारूप फुगते, एवढे निश्चित. जयंत नारळीकरांचे गुरू म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेले फ्रेड हॉयल आणि मार्टिन श्वार्त्सशिल्ड यांनी १९५५ साली ही वाटचाल पायरीपायरीने गणिताने मांडून दाखवली, आणि आज संगणकावर ती कोणत्याही वस्तुमानाच्या ताऱ्यासाठी काढता येते. पण जे गणिताने पटते ते बोलून समजावता येतेच असे नाही, आणि अशा वेळी ओढूनताणून सोपे कारण देण्यापेक्षा गणिताकडे बोट दाखवणे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते.

या फुगण्याचा परिणाम मात्र नीट कल्पनेत आणून पाहण्यासारखा आहे. स्वातीचे वस्तुमान तिच्या आकारमानात सारखे वाटून टाकले तर तिची सरासरी घनता आपण श्वासात घेतो त्या हवेच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. आपण ज्याला धगधगता गोळा समजतो त्याचा बहुतेक भाग जवळजवळ विरळ पोकळीच आहे. आणि त्या विरळ पसाऱ्याच्या अगदी मधोमध, साऱ्या ताऱ्याच्या मानाने नगण्य जागेत, तो हेलियमचा गाभा बसलेला आहे, ज्याच्या एका घन सेंटिमीटरचे वजन शंभर किलो किंवा त्याहूनही अधिक भरेल. पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण तर पृथ्वीवरच्या गुरुत्वाकर्षणाच्या विसाव्या हिश्शाएवढेच आहे. आपले वरचे थर तारा आता सैल हाताने धरून आहे, आणि त्यांतले काही द्रव्य वाऱ्यासारखे सतत अवकाशात निसटत असते.

पुढे काय होणार, हेही बऱ्यापैकी ठरलेले आहे. स्वाती अजून या चढाच्या मध्यावर कुठेतरी आहे. येत्या काही कोटी वर्षांत ती आणखी फुगेल, आणखी तांबडी होईल, आणि तिचे तेज सूर्याच्या दोन हजार पटींच्या वर जाईल. मग गाभ्याचे तापमान दहा कोटी अंशांवर पोहोचेल आणि हेलियम पेटेल. हा हेलियम साध्या वायूसारखा वागत नाही, तापला तरी प्रसरण पावून थंड होत नाही, त्यामुळे तो एकदम भडकतो. त्या भडक्यात गाभ्यातून काही क्षण जी ऊर्जा सुटते तिची तुलना अख्ख्या दीर्घिकेच्या तेजाशी करतात. आणि तरीही बाहेरून पाहणाऱ्याला काहीही दिसत नाही! ती सगळी ऊर्जा गाभा सैल करण्यात आणि वरचे थर ढकलण्यात खर्च होते. ताऱ्याच्या आयुष्यातली कदाचित सर्वांत मोठी घटना, आणि तिची बाहेर खबरही नाही. त्यानंतर तारा उलट थोडा आकसतो, मंदावतो, आणि सुमारे दहा कोटी वर्षे हेलियमवर गुजराण करतो. तोही संपला की पुन्हा एकदा फुगण्याची पाळी येते, आणि या वेळी वरचे थर कायमचे सुटून जातात. उरतो तो पृथ्वीएवढ्या आकाराचा, ज्याला स्वतःचे काहीही जाळायचे उरलेले नाही असा श्वेतबटू.

श्वेतबटूचा विषय निघाला की मुंबईचे नाव घ्यावे लागते. १९३० सालच्या जुलैच्या शेवटच्या दिवशी एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबई बंदरातून इंग्लंडला जायला निघाले आणि बोटीवरच्या मोकळ्या दिवसांत त्यांनी श्वेतबटूच्या वस्तुमानाचे गणित केले. त्या गणिताची परिणती सूर्याच्या सुमारे १.४ पट या मर्यादेत झाली. गाभा त्या मर्यादेच्या आत राहिला तर तारा श्वेतबटू होऊन निवांत थंड होत जातो, तिच्या पलीकडे गेला तर त्याला ती वाट मिळत नाही. स्वातीचा उरणारा गाभा या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी भरेल. तिच्या नशिबी स्फोट नाही.

आता तात्यांच्या प्रश्नाची दुसरी बाजू. आकाशातले कोणते तारे आपल्या नजरेत भरतात ते पाहावे. रोहिणी नारिंगी, फुगलेली. मृगातला काक्षी तांबडा, प्रचंड, शेवटाकडे निघालेला. ज्येष्ठा तशीच. पुनर्वसूच्या जोडीतला पोलक्स हा आणखी एक नारिंगी राक्षसी तारा. ज्यांना आपल्या पूर्वजांनी नावे दिली, ज्यांवरून महिने, पेरण्या आणि मुहूर्त ठरवले, त्यांतले कितीतरी तारे गाभ्यातला हायड्रोजन संपवून बसलेले आहेत. याउलट सूर्याच्या शेजारपाजारच्या ताऱ्यांची नीट शिरगणती केली तर त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश तारे लहान, मंद, तांबडे बटू निघतात, जे आपले इंधन इतक्या काटकसरीने वापरतात की विश्वाच्या आजवरच्या वयापेक्षा कितीतरी जास्त काळ ते जळत राहतील. त्यांतला एकही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी प्रॉक्झिमा अवघ्या ४.२ प्रकाशवर्षांवर आहे, पण तो पाहायला दुर्बीण लागते. डेन्मार्कचे आयनार हर्ट्झस्प्रुंग यांनी १९०५ च्या सुमारास दाखवून दिले की एकाच तांबूस रंगाच्या ताऱ्यांत दोन अगदी वेगळ्या जाती असतात, एक प्रचंड तेजस्वी आणि दुसरी अतिशय मंद, आणि त्यातूनच राक्षसी व बटू अशी विभागणी रूढ झाली. उघड्या डोळ्यांना त्यांतली पहिली जात तेवढी दिसते. आपण ज्याला तारांगण म्हणतो ती ताऱ्यांची सर्वसाधारण वस्ती नव्हे. उधळपट्टी करणारे तरुण आणि राखेवर पेटलेले वृद्ध एवढेच आपल्याला दिसतात, आणि संथपणे संसार करणारा मोठा समाज अंधारात राहतो. हे एकदा ध्यानात आल्यापासून आकाशाकडे पाहण्याची माझी रीत बदलली आहे. ठळक तारा दिसला की हा नेमका कशाच्या जोरावर ठळक आहे, हे आता आधी मनात येते.

स्वातीच्या बाबतीत आणखी एक वेगळेपण आहे. ती आपल्या वस्तीतली नाही. एडमंड हॅली यांनी १७१८ साली आपल्या काळातली ताऱ्यांची स्थाने टॉलेमीच्या जुन्या यादीशी ताडून पाहिली, तेव्हा व्याध, रोहिणी आणि स्वाती हे तीन तारे जागचे हललेले आढळले. स्थिर ताऱ्यांना गती आहे हे माणसाला कळले ते अशा रीतीने. स्वाती दर वर्षी २.२८ विकला सरकते, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाएवढे अंतर तोडायला तिला सुमारे ८०० वर्षे लागतात. ज्ञानेश्वरांनी पाहिलेली स्वाती आणि आज आपण पाहतो ती स्वाती यांच्या जागांत जवळजवळ एका चंद्रबिंबाचा फरक पडलेला आहे. इतर तेजस्वी ताऱ्यांच्या मानाने ही चाल फार मोठी आहे, आणि तिचे कारण असे की सूर्य आणि त्याचे बहुतेक शेजारी आकाशगंगेच्या तबकडीत एकमेकांसोबत फिरत असताना ही मात्र त्या घोळक्याला छेद देत निघालेली आहे. सूर्याच्या संदर्भात तिचा वेग सेकंदाला सुमारे १२० किलोमीटर आहे. तिच्यात लोहाचे प्रमाणही सूर्याच्या सुमारे एक-तृतीयांश एवढेच आहे. लोहासारखी जड मूलद्रव्ये आधीच्या पिढ्यांतल्या ताऱ्यांच्या मरणातून तयार होऊन साठत जातात. ती कमी असणे म्हणजे साठा पुरेसा होण्याच्या आधीचा जन्म. आकाशगंगेच्या जुन्या, जाडसर थराचे जे तारे मानले जातात त्यांच्याशी तिची चाल आणि जडणघडण जुळते. सुमारे ४,००० वर्षांनी ती सूर्याच्या जास्तीत जास्त जवळ येईल, आणि तेही आतापेक्षा किंचितच जवळ, आणि मग दूर जाऊ लागेल. आपण तिला पाहत आहोत तो काळ तिच्या प्रवासातला, जाता जाता शेजारून जाण्याचा, एवढाच आहे.

अशा ताऱ्याकडून माणसांनी कामेही करून घेतली आहेत. हवाईचे मोठे बेट बीड-नांदेडच्याच अक्षांशावर येते, आणि तेथल्या लोकांचा होकुलेआ म्हणजे हीच स्वाती. ती डोक्यावरून जाऊ लागली की आपण घराच्या अक्षांशावर आलो हे समुद्रातल्या माणसाला कळते, मग पूर्व-पश्चिम तेवढी शोधायची उरते. याच नावाची दुहेरी होडी १९७६ साली कोणतेही उपकरण न वापरता हवाईहून ताहितीला नेण्यात आली, आणि तिला वाट दाखवणारे माउ पियाइलुग हे मायक्रोनेशियातल्या एका लहानशा बेटावरचे नावाडी होते.

दुसरे काम शिकागोतले. १९३३ सालच्या २७ मे रोजी तेथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाचे दिवे स्वातीच्या प्रकाशाने लावण्यात आले. यर्कीस आणि इतर काही वेधशाळांनी दुर्बिणीतून तो प्रकाश प्रकाशविद्युत घटावर घेतला, त्यातून निघालेला क्षीण विद्युत्प्रवाह वाढवून शिकागोपर्यंत आणला आणि त्याने कळ दाबली गेली. कल्पना अशी की शिकागोत यापूर्वीचे जागतिक प्रदर्शन १८९३ साली भरले होते, स्वातीचे अंतर तेव्हा ४० प्रकाशवर्षे मानले जात होते, म्हणजे त्या प्रदर्शनाच्या वेळी निघालेला किरणच या प्रदर्शनाचे दिवे लावील. ही कल्पना यर्कीसचे एडविन फ्रॉस्ट यांची, आणि तोवर त्यांची स्वतःची दृष्टी गेलेली होती. आजच्या अंतराने हिशेब केला तर तो किरण १८९६ च्या सुमारास निघालेला होता, पण तीन वर्षांच्या या तफावतीने त्या कल्पनेचे काही बिघडते असे मला वाटत नाही. पुढे १९३७ साली त्याच यर्कीस वेधशाळेत चंद्रशेखर रुजू झाले.

सूर्य या वाटेने जाईल तेव्हा काय होईल, हा प्रश्न व्याख्यानांत हमखास विचारला जातो. आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी त्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपेल आणि तोही स्वातीसारखा फुगू लागेल. स्वातीच्या आजच्या आकाराएवढा झाला तरी तो बुधाच्या कक्षेपर्यंत पोहोचणार नाही. मात्र पृथ्वीला त्याची पावणेदोनशे पट धग सोसावी लागेल, आणि समुद्र त्याच्या कितीतरी आधी आटून गेलेले असतील. चढाच्या टोकाला तो बुध आणि शुक्र यांना गिळेल. पृथ्वीचे काय, यावर गणिते करणाऱ्यांत अजून एकमत नाही. त्या काळी स्वाती कधीचीच श्वेतबटू होऊन आकाशगंगेच्या दुसऱ्याच कुठल्या भागात निघून गेलेली असेल.

पण एवढ्या लांबचे पाहण्याऐवजी सप्तर्षींच्या त्याच कमानीवर थोडे पुढे सरकून चित्रेकडे पाहावे, तुलनेला ती अधिक सोयीची आहे. चित्रा २५० प्रकाशवर्षांवर असूनही ठळक दिसते, कारण तिच्या जोडीतला मोठा तारा सूर्याच्या दहा-अकरा पट वस्तुमानाचा आहे आणि आपले इंधन तो भयंकर वेगाने उडवतो. त्याचे वय सव्वा कोटी वर्षांच्या आसपास आहे. स्वातीच्या ७०० कोटींपुढे हे काहीच नव्हे. हिमालय घडून गेल्यानंतरच्या काळात जन्मलेला हा तारा आहे. त्याच्या गाभ्यात हायड्रोजन अजून जळतो आहे, रंग निळसर, सगळी लक्षणे तरुणपणाची. पण सूर्याच्या दहा-अकरा पट वस्तुमानाच्या ताऱ्याचे सगळे आयुष्यच दोन-अडीच कोटी वर्षांचे असते, आणि चंद्रशेखरांची मर्यादा त्याच्या गाभ्याला पेलणार नाही. स्वाती हेलियम पेटवून, मंदावून, आपली पुढची दहा कोटी वर्षे सुरू करील, त्याच्या आधीच चित्रेचा स्फोट होऊन गेलेला असेल. तात्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी थोरली बसून ऱ्हानार आन् धाकटी आधी जानार." मी म्हटले, "व्हय तात्या, हिशेब तसाच निघतोय."